चिप बसली, आता इंजिनाला वळण लावायचं

गाडीच्या इंजिन-संगणकात (ईसीयू) जास्त ताकदीची चिप बसवायला मला वीस मिनिटं लागली. त्यानंतर गाडी नीट चालेपर्यंत सहा रविवार गेले. त्यातले चार तरी फुकट घालवले, कारण मी उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी चिप ठोकली, मग गाडी धक्के मारायला लागली तशी चिपला शिव्या घातल्या, आणि सगळ्यात शेवटी इंजिनकडे बघितलं. चिपचा काही दोषच नव्हता. करंगळीपेक्षा बारीक अशी एक रबरी नळी चिरली होती, आणि ती चिप येण्याच्या आधीपासूनच चिरलेली होती.

माझी गाडी फोक्सवॅगन कोराडो जी६०. १.८ लिटर, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, कारखान्यातून निघताना १६० पीएस. हिचा सुपरचार्जर (इंजिनात हवा कोंबणारा पंप) गोगलगाईच्या शंखासारखा असतो. नावातला ६० हा आकडा त्या आतल्या वळ्यांची खोली सांगतो, साधारण ६० मिलिमीटर. धाकटी बहीण पोलो जी४०, तिची ४०. खाली जे आकडे दिलेत ते माझ्या इंजिनाचे आहेत. तुमची गाडी वेगळी असेल तर क्रम हाच ठेवा, पण आकडे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. टर्बोच्या गाडीत चिप बूस्ट (कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवू शकते, कारण तिथे वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून धूर सोडणारी झडप) कधी उघडायचं हे बऱ्याचदा ईसीयूच्या हातात असतं. पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर थेट क्रँकशाफ्टला बांधलेला असतो. त्याचा बूस्ट पुलीच्या मापावर ठरतो, चिपला तिथे कोणी विचारत नाही. चिप बदलते ते एवढंच: पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची आणि इंजिन कुठल्या आरपीएमला थांबवायचं. कारखान्याने मूळ चिपमध्ये हलकं पेट्रोल, तापलेला दिवस, आळशी मालक या सगळ्यांसाठी भरपूर वाव ठेवलेला असतो. नवी चिप तोच वाव खर्च करून ताकद काढते. म्हणून इतकी वर्षं झाकून राहिलेली दुखणी चिप बदलल्या दिवशी बाहेर येतात आणि बिचाऱ्या चिपच्या नावावर फाडली जातात.

हाताशी काय काय हवं

- तुमच्या इंजिन कोडचं वर्कशॉप मॅन्युअल. नुसतं मॉडेलचं नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन इंजिनं असतात.
- चिप बनवणाऱ्याने दिलेला कागद: कुठल्या पुलीसाठी, कुठल्या ऑक्टेनसाठी, टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) किती ठेवायचं
- टायमिंग लाइट, मल्टिमीटर, फिलर गेज, टॉर्क पाना
- बूस्ट-व्हॅक्यूम गेज आणि पेट्रोलच्या दाबाचा गेज
- वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर व त्याचा गेज. हवा आणि पेट्रोलचं नेमकं प्रमाण हाच दाखवतो. विकत नसेल घ्यायचा तर ज्या गॅरेजात रोलिंग रोड (गाडी जागेवरच रोलरवर पळवायचं यंत्र) आहे तिथे शेवटची पायरी करा. पण याच्याशिवाय गाडी दाबू नका.
- साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, नव्या व्हॅक्यूम नळ्या, क्लिपा
- अग्निशामक. पेट्रोलच्या नळ्या सोडणार आहात, हे विसरू नका.
- वही

कागदपत्रांचंही बघून घ्या. इंजिनात बदल केला की विमा कंपनीला कळवावं लागतं, आणि धुराच्या चाचणीचे तुमच्याकडचे नियम काय म्हणतात तेही आधी वाचा. अपघातानंतर हे वाचण्यात अर्थ नसतो.

१. चिप कोणत्या पुलीची आहे ते विचारा

बाजारात या गाडीच्या चिपा '७० मिमी पुलीसाठी', '६८ मिमी पुलीसाठी' अशा विकल्या जातात. मूळ पुली साधारण ७८ मिमीची. ७८ ला ६८ ने भागलं की १.१५ येतात, म्हणजे छोट्या पुलीवर सुपरचार्जर त्याच आरपीएमला १५ टक्के जोरात फिरतो. मूळ पुलीवर ६८ ची चिप घातली तर गाडी थोडी मंद आणि पेट्रोलपिऊ होईल, पण बहुधा जगेल. उलटं केलं, म्हणजे पुली ६८ ची आणि चिप मूळ पुलीची, तर जास्तीच्या हवेला पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जातो.

जुनी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतली असेल तर पुलीवर विश्वास ठेवू नका, कॅलिपरने मोजा. आधीच्या मालकाने बदलली असेल आणि सांगायला विसरला असेल. हे मी पाहिलेलं आहे.

दुसरं, प्रेशर सेन्सरची कमाल मर्यादा. २ बार ॲब्सोल्यूटचा (बाहेरच्या हवेचा १ बार धरून) सेन्सर असेल तर त्याला साधारण १ बार बूस्टपर्यंतच दिसतं. त्यापुढे तुम्ही कितीही हवा कोंबा, ईसीयूला ती दिसतच नाही. त्याहून जास्त बूस्ट देईल एवढ्या लहान पुलीचा विचार असेल तर सेन्सरसकट चिप घ्यावी लागते.

२. जुनी चिप परत बसवा

हो, बरोबर वाचलंत. नवी आधीच बसवली असेल तर काढा. खालच्या तीन ते आठ पायऱ्या जुन्या चिपवर करा. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर बिघडलं कशाने ते कळतं. चिप, प्लग, पुली, नळ्या सगळं एकाच दिवशी बदललं, तर गाडी मिसिंग करायला लागल्यावर कुणाला विचारणार?

चिप काढताना-घालताना काय सांभाळायचं ते इथेच सांगतो. बॅटरीची ऋण तार काढा. हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करा, अंगावरचा स्टॅटिक चार्ज निघून जातो. जुन्या ईसीयूतली चिप बहुधा २८ पायांची असते. एका टोकाला अर्धगोल खाच असते, ती सॉकेटच्या खाचेशी जुळली पाहिजे. उलटी बसवून चावी फिरवली की चिप मेली. नव्या चिपचे पाय जरा फाकलेले असतात. टेबलावर कडेने हलके दाबून सरळ करा, मग दोन्ही रांगा सॉकेटवर टेकवा आणि अंगठ्याने सावकाश दाबा. माझा एक पाय आत न जाता पोटाखाली दुमडला होता. वरून बघितलं तर चिप अगदी नीट बसलेली. गाडी मात्र नुसती स्टार्टर फिरवत होती. टॉर्चच्या उजेडात आडवं डोळा लावून बघितलं तेव्हा तो दुमडलेला पाय चमकला. म्हणून बसवल्यावर दोन्ही बाजूंनी आडवं बघायचंच.

चिपच्या पाठीवर कागदी स्टिकर असतो. कुतूहल म्हणून सोलू नका. त्याखाली काचेची छोटी खिडकी असते आणि तिच्यातून येणाऱ्या अतिनील प्रकाशाने आतली माहिती पुसली जाते. स्टिकर आहे तो त्यासाठीच.

३. हवा कुठे गळते ते शोधा

निम्मं काम इथेच आहे. घाई करू नका.

आधी स्वतःच्या गाडीत हवा कशी मोजतात ते ओळखा. काही गाड्यांत हवेच्या वाटेवर एअरफ्लो मीटर असतो. तिथे मीटरच्या पुढे गळती असेल तर मोजलेली हवा वाटेतच निसटते, आणि बूस्टवर पेट्रोल जास्त होऊन काळा धूर येतो. माझ्या गाडीत मीटर नाही. इनटेकमधून एक बारीक नळी ईसीयूपर्यंत जाते आणि ईसीयूच्या पोटातला सेन्सर दाब मोजतो. त्या दाबावरून, आरपीएमवरून आणि हवेच्या तापमानावरून पेट्रोल ठरतं. अशा गाडीत मोठ्या नळीला गळती असेल तर बूस्ट कमी मिळतो, एवढंच. पण त्या बारीक नळीला गळती असेल तर ईसीयूला खोटं सांगितलं जातं.

माझ्याकडे झालं ते असं. आयडलिंगला इनटेकमध्ये व्हॅक्यूम असतो. चिरेतून बाहेरची हवा आत शिरायची, सेन्सरला वाटायचं इथे बरीच हवा आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडायचा. प्लग काळे, एग्झॉस्टला वास. मी शहाणपणा केला आणि सीओचा (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) स्क्रू फिरवून मिश्रण पातळ केलं, म्हणजे पेट्रोल कमी केलं. आयडलिंग सुधारलं! मी खूश. पण बूस्टवर तीच चीर उलटं काम करत होती: आतला दाब बाहेर गळायचा, सेन्सरला बूस्ट कमी दिसायचा, पेट्रोल कमी पडायचं आणि ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडायची. त्यात मी वरून मिश्रण पातळ केलेलं. तिसऱ्या गिअरमध्ये ४,००० च्या वर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. ते नॉकिंग, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल अवेळी आपोआप भडकणं. पाय लगेच उचलला म्हणून आज हे लिहितोय.

चीर कुठे होती? क्लिपच्या बरोबर खाली. नळी हातात धरून वाकवली तरी दिसत नव्हती. क्लिप सरकवली, साबणाचं पाणी लावून दुसऱ्या टोकाने फुंकर मारली, तर टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे एका रेषेत उभे राहिले. तेव्हापासून माझा नियम: जुन्या गाडीतल्या बारीक नळ्या तपासत बसायचंच नाही, सरसकट बदलायच्या. त्याच आतल्या व्यासाच्या, मूळ वाटेने, कुठेही न चिमटता. गरम एग्झॉस्टपासून लांब.

मोठ्या नळ्यांसाठी दाबाची चाचणी करा. इंजिन बंद आणि गार. सुपरचार्जरमधून बाहेर पडणाऱ्या नळीच्या तोंडात रबरी बूच आणि त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा. बायपासची परतीची नळीही बंद करा, नाहीतर सगळी हवा तिथूनच पळेल. ऑइल भरायचं झाकण उघडं ठेवा. मग ०.३ ते ०.५ बारपर्यंतच हवा भरा. जास्त भरून सील उडवू नका. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरात आणि तिथून पुढे जाणारच, तिचा फुसफुस आवाज ऐकून घाबरू नका. बुडबुडे महत्त्वाचे. इंटरकूलरचे (दाबलेली हवा गार करणारी जाळी) कोपरे, थ्रॉटल बॉडी (एक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) हिच्या खालचं गॅस्केट आणि इंजेक्टरच्या बुडाचे सील हे ठरलेले गुन्हेगार.

बायपासही इथेच बघा. थ्रॉटल बंद असताना सुपरचार्जरची हवा मागे वळवणारी झडप असते. कुठे ती थ्रॉटलच्या दांड्याला जोडलेली, कुठे व्हॅक्यूमवर चालणारी. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ती पूर्ण बंद झाली पाहिजे. अर्धवट राहिली तर बूस्ट गोल गोल फिरत बसतो आणि तापत जातो. मदतनीसाला एक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा (इंजिन बंद ठेवून) आणि स्वतः बघा.

४. पट्टा आणि सुपरचार्जर

पट्ट्याला भेगा, चकाकी किंवा पुलीभोवती काळी रबराची भुकटी दिसली तर पट्टा घसरतोय. गेजवर त्याची खूण अशी: बूस्ट आरपीएमबरोबर चढत जातो आणि वरच्या टोकाला चढायचा थांबतो किंवा खाली येतो. छोटी पुली घातली की पट्टा पुलीला कमी जागेत धरतो, म्हणून घसरणं वाढतं. ताण वाढवून भागवू नका, बेअरिंग जाईल. मॅन्युअलमधला ताण ठेवा, पट्टा नवा घ्या.

माझ्या प्रकारच्या सुपरचार्जरमध्ये आत झिजणाऱ्या सीलच्या पट्ट्या असतात आणि दोन शाफ्टना जोडणारा एक छोटा दातेरी पट्टाही असतो. शेवटचं काम कधी झालं याचा पुरावा नसेल तर छोट्या पुलीचं नावही काढू नका. तो दातेरी पट्टा तुटला की आतला शंख खलास होतो आणि त्याचे धातूचे तुकडे पुढे इंजिनच्या दिशेने निघतात. रूट्स प्रकारच्या (एकमेकांत फिरणाऱ्या दोन रोटरच्या) सुपरचार्जरला बहुधा स्वतःचं बंदिस्त ऑइल असतं, आणि ते बदलायचं असतं हेच कित्येकांना माहीत नसतं.

५. सेन्सर आणि स्विच

मल्टिमीटर काढा. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बॉशच्या नेहमीच्या जातीचा असेल तर २० अंश सेल्सिअसला साधारण २,५०० ओहम आणि ८० अंशांना ३२० ओहमच्या आसपास दाखवतो. तापलेल्या इंजिनवर हजार ओहम दिसले तर ईसीयूला इंजिन गारच वाटतंय, आणि तो पेट्रोल ओतत राहील.

थ्रॉटलचे स्विच: पाय काढलेला असताना एक, पूर्ण दाबल्यावर दुसरा. दोन्हींचा 'टिक' ऐकू आला म्हणजे ते चालू आहेत असं नाही, सर्किट जुळतंय का ते मीटरवर बघा. पूर्ण दाबाचा स्विच गेला असेल तर ईसीयूला तुम्ही पाय पूर्ण दाबलाय हे कळतच नाही आणि त्या वेळचं जादा पेट्रोल मिळत नाही. नव्या चिपचा सगळा खेळ त्याच भागात असतो.

नॉक सेन्सर मात्र मन लावून करा. हा इंजिनचा कान आहे. बोल्ट सोडा, सेन्सरखालची जागा चकचकीत साफ करा, मध्ये वॉशर घालू नका आणि टॉर्क पान्याने २० न्यूटन-मीटरला आवळा. हाताच्या अंदाजाने नाही. सैल असेल तर ऐकू येत नाही, जास्त आवळला तर भलतंच ऐकतो आणि टायमिंग मागे ओढत राहतो.

६. पेट्रोलचा दाब

माझ्या रेग्युलेटरचा दाब ३ बार. त्याची व्हॅक्यूम नळी काढली की गेजवर ३ बार दिसायला हवेत, आणि नळी लावल्यावर आयडलिंगला साधारण अर्धा बार कमी. बूस्टवर उलट: बूस्ट ०.७ असेल तर दाब ३.७ व्हायला हवा, म्हणजे इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक कायम ३ राहतो. तो वाढत नसेल तर पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय किंवा रेग्युलेटरची नळी फाटलीय. इंजिन बंद केल्यावर दाब लगेच शून्यावर आला तर कुठेतरी गळतंय, ते आधी शोधा.

इंजेक्टरला वेळ किती मिळतो याचा हिशोबही सोपा आहे. ६,००० आरपीएमला इंजिनच्या दोन फेऱ्यांना २० मिलिसेकंद लागतात. इंजेक्टर त्यातले १७ मिलिसेकंद उघडा राहत असेल तर तो ८५ टक्क्यांवर आहे, आणि त्यापुढे जाण्यात शहाणपण नाही. तिथे इंजेक्टर मोठे लागतात आणि त्यांना जुळणारी चिपही.

७. प्लग

बूस्ट वाढला की एक पायरी थंड प्लग घालतात. इथे एक सापळा आहे आणि त्यात चांगले चांगले अडकतात. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. कंपनी बदलताना 'एक नंबर वरचा द्या' म्हणालात तर नेमका नको तोच हातात पडेल. बूस्ट मूळचाच असेल तर मूळ प्लगच चालतो.

गॅप फिलर गेजने मोजा. बूस्टखाली ठिणगीला उडी मारणं जड जातं, म्हणून गॅप मॅन्युअलच्या खालच्या टोकाला ठेवा. वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि रोटर जुने असतील तर एकदाच सगळे बदला.

८. टायमिंग, आयडलिंग, सीओ: याच क्रमाने

इंजिन पूर्ण तापलेलं हवं. ऑइल निदान ८० अंश. कोराडोच्या डॅशबोर्डवरच्या छोट्या पडद्यावर ऑइलचं तापमान दिसतं, त्याचा इथे फार उपयोग होतो. पाणी गरम झालं म्हणजे ऑइल गरम झालं असं नसतं. दिवे, पंखा, एसी सगळं बंद. रेडिएटरचा पंखा फिरत असेल तर थांबू द्या.

१. इंजिन चालू ठेवून पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर काढा. त्यामुळे ईसीयू टायमिंगशी खेळणं थांबवतो. हे न करता टायमिंग लावायला गेलात तर खूण लाइटमध्ये नाचत राहील आणि तुम्ही तिच्यामागे डिस्ट्रिब्युटर फिरवत बसाल.

२. तीनदा झटकन ३,००० पर्यंत रेस करा.

३. २,००० ते २,५०० आरपीएमवर स्थिर धरा आणि गिअरबॉक्सच्या घरावरच्या खिडकीतून फ्लायव्हीलवरची खूण बघा. प्लास्टिकचं बूच असतं तिथे. माझ्याकडे टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आधी ६ अंश.

४. जुळत नसेल तर डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट अर्धा सैल करा आणि केसभर फिरवा. परत बघा. आवळा. आवळल्यावर पुन्हा बघा, कारण आवळताना तो हमखास थोडा सरकतो.

'दोन अंश पुढे दे, पीकअप येईल' असं म्हणणारा एकतरी अनुभवी माणूस तुमच्या शेजारी उभा असेल. साध्या इंजिनात त्याचं बरोबर असेलही. इथे ठिणगी पुढे आणायचं काम नवी चिप करणारच आहे. वर तुमचे दोन मिळवले तर ते चिपच्या टायमिंगच्या तक्त्यात सगळीकडे मिळवले जातात, पूर्ण बूस्टवरसुद्धा.

आता आयडलिंग आणि सीओ. क्रँककेसच्या श्वासाची नळी काढून बाजूला ठेवा, ऑइलची वाफ आकडा बिघडवते. सीओ मोजायला गॅस ॲनालायझर लागतो आणि तो घरी नसतो. गॅरेजात अर्धा तास घ्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधीच्या तपासणी नळीतून मोजायचं, मागून मोजलेला आकडा निरुपयोगी. माझं मॅन्युअल ०.७ टक्के सांगतं. आरपीएम आणि सीओ एकमेकांना ओढतात, म्हणून दोन-तीन वेळा आलटून पालटून लावावं लागतं. शेवटी कनेक्टर, नळी, सगळं परत जोडा.

स्क्रू टोकापर्यंत फिरवूनही सीओ जागेवर येत नसेल तर थांबा आणि हवेच्या गळतीच्या तिसऱ्या पायरीवर परत जा. मी थांबलो नव्हतो.

९. आता नवी चिप

जुन्या चिपवर गाडी शांत चालली, आठवडाभर वापरून झाली की मगच नवी घाला. चिपच्या कागदावर टायमिंगचा वेगळा आकडा असेल तर तो लावा, नसेल तर मूळचाच. सीओ एकदा तपासा. जुनी चिप स्टॅटिकविरोधी काळ्या फोममध्ये खोचून, वर तारीख आणि ईसीयूचा नंबर लिहून कोरड्या जागी ठेवा. गाडी विकताना किंवा रस्त्यात अडकल्यावर ती लागते.

१०. पहिली चक्कर

टाकीत चिपच्या कागदावर लिहिलेल्या ऑक्टेनचं पेट्रोल भरा. ९८ लिहिलं असेल तर ९८. 'अर्धी टाकी जुनी आहे, चालेल' असं नाही.

पहिली वीस मिनिटं बूस्ट न वापरता चालवा. स्थिर वेगाला वाइडबँड १४.७ च्या (पेट्रोलच्या एका भागाला हवेचे इतके भाग) आसपास फिरतो. मग रोलिंग रोडवर किंवा बंद ट्रॅकवर, तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० वरून अर्धा पाय, मग पाऊण, मग पूर्ण. दरवेळी शेजारी बसलेल्याने गेज बघायचा, तुम्ही समोर बघायचं. पूर्ण बूस्टवर आकडा साधारण ११.८ ते १२.३ मध्ये हवा. १३ च्या वर जायला लागला की पाय काढा, 'बघू अजून थोडं' नाही. गाडीतला मूळ ऑक्सिजन सेन्सर इथे कामाचा नाही. तो १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो, किती अलीकडे ते सांगत नाही.

एका पूर्ण ओढीनंतर क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा, गाडी बाजूला घ्या (स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतील, म्हणून हे फक्त बंद जागेत) आणि गार झाल्यावर प्लग काढून बघा. चिनीमातीवर फिकट तपकिरी रंग म्हणजे ठीक. मिरीच्या भुकटीसारखे काळे किंवा चमकणारे ठिपके दिसले तर नॉकिंग होतंय, मग तुम्हाला आवाज आला असो वा नसो. भिंग घेऊन बघा, ठिपके फार बारीक असतात.

११. बिनसलंच तर

आयडलिंग वरखाली होतंय: थ्रॉटलच्या पुढची हवेची गळती, नाहीतर आयडल व्हॉल्व्ह मेणचटलाय. कार्ब्युरेटर क्लीनरने धुऊन बघा.

बूस्ट चांगला पण ओढ नाही: नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतोय, किंवा पूर्ण दाबाचा स्विच मेलाय.

५,००० च्या वर तुटल्यासारखं होतं: प्लगचा गॅप, कॉईल, वायरी. पेट्रोलचा दाबही बघा.

सकाळी छान, तासाभराने मरगळ: इंटरकूलर तापलाय. त्याच्या पंखांत चिखल-पानं अडकलीत का ते बघा. सुपरचार्जर हवा दाबतो तशी ती तापते, आणि तापलेल्या हवेवर ईसीयू जाणूनबुजून हात आखडतो.

१२. ५०० किलोमीटरनंतर

सगळ्या क्लिपा पुन्हा आवळा. नवं रबर एकदा तापलं-निवलं की बसतं आणि क्लिप सैल पडते. पट्ट्याचा ताण तपासा. टायमिंगची खूण परत बघा. प्लग काढा आणि आधीच्या नोंदीशी ताडा. वहीत तारीख, बाहेरचं तापमान, पेट्रोल कुठलं, ३,००० / ४,००० / ५,००० / ६,००० ला बूस्ट किती आणि वाइडबँडचा आकडा किती, एवढं लिहा. माझ्या वहीत सातव्या पानावर ६,००० चा बूस्ट ०.०५ ने कमी दिसतो. तेव्हा दुर्लक्ष केलं. नवव्या पानावर पट्टा बदलल्याची नोंद आहे.